दहापैकी तीन

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "मग तू बोलली का नाहीस?" आता हे म्हणजे तुम्हाला सांगते, बुडणाऱ्याला बाहेर काढायचं आणि विचारायचं, की बाबा रे, तू हाक का नाही मारलीस! अहो, मी बोलत नाही हे अख्ख्या शाळेला माहीत आहे. हजेरीला सुद्धा मी 'हजर' म्हणत नाही, नुसता हात वर करते, आणि तो हात पुढच्या मुलीच्या जाडजूड वेणीमागे लपतो म्हणून मी समोर बसलेली असताना बाईंनी मला गैरहजर लावलंय. दुकानात वही मागायला गेले आणि दुकानदाराने पुठ्ठा दिला, तर मी पुठ्ठा घेऊन घरी येते. आई म्हणते, "अगं, बदलून आण!" बदलून आणायचं म्हणजे परत बोलायचं. त्यापेक्षा मी पुठ्ठ्यावर लिहीन ना!

तर अशी मी पळायला का लागले? तर त्याचं कारण हेच. पळताना कोणी बोलायला लावत नाही. उलट बोललं की सर ओरडतात, "दम वाया घालवू नका!" आयुष्यात पहिल्यांदा मला असं काहीतरी सापडलं होतं, की ज्यात गप्प राहणं हा गुण होता. आणि त्यातून आंतरशालेय स्पर्धेसाठी चार जणींचा रिलेचा संघ निवडणार होते. मी आजवर कुठल्याच संघात नव्हते हो. स्नेहसंमेलनात सुद्धा मला पडदा ओढायला ठेवतात, आणि तोही दोघींत मिळून एक. त्यामुळे छातीवर नंबर लावून, हातात ती काठी घेऊन पळायचं, हे माझ्या इतकं मनात बसलं होतं म्हणून सांगू... रात्री उशी हातात धरून झोपायचे मी, काठी समजून.

आता सरांचं सांगते. आमचे खेळाचे सर खरे तर गणिताचे सर. खेळाचे खरे सर दुसऱ्या शाळेत गेले, आणि मुख्याध्यापिका बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या तेव्हा बाकी सगळे मान खाली घालून पेपर तपासत होते आणि सर एकटे खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. बाईंनी बूट बघितले. झालं! शिट्टी गळ्यात.

पळणाऱ्या मुलींचं शरीर कसं तयार करायचं याबद्दल तेव्हा सरांना दोनच गोष्टी माहीत होत्या. एक म्हणजे पळा. आणि दुसरी म्हणजे पळताना पाणी पिऊ नका, पोटात डुचमळतं. बस्स! पाय दुखतोय? पळा, मोकळा होईल. दम लागला? पळा, दम वाढेल. ताप आलाय? ताप आला की मात्र घरी पाठवायचे... पण पळत.

आणि आमचं बरं चाललं होतं हो! सगळ्या सारख्याच दमत होतो, सगळ्या सारख्याच तहानलेल्या असायचो, कुणाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण सुट्टीत सर शिबिराला गेले. खेळशिक्षकांचं शिबिर. जाताना आमचे सर गेले आणि येताना कोणी भलतेच आले. नवा ट्रॅकसूट, डोक्यावर टोपी, आणि तोंडात असे शब्द, की शिडी म्हणाली, "सरांना बरं नाही का गं?" शिडी म्हणजे माझी मैत्रीण, तिचे पाय खांद्यापासून सुरू होतात म्हणून शिडी.

सरांनी आम्हाला मैदानात गोल करून बसवलं. पळायच्या तासाला बसवलं! आणि म्हणाले, "मुलींनो, मी तुम्हाला आजवर चुकीचं पळवलं." आता कुठले सर असं म्हणतात सांगा? आम्ही सगळ्या घाबरलो. म्हणाले, मूल म्हणजे छोट्या मापात शिवलेला मोठा माणूस नव्हे. तुमची हाडं अजून वाढतायत. एकदम जास्त पळवलं की ती कुरकुरायला लागतात. थोडं थोडं वाढवायचं, एक दिवस जोराचा तर दुसरा हलका, आधी अंग गरम करायचं, नंतर निवू द्यायचं, झोप हासुद्धा सराव, आराम हासुद्धा सराव, आणि पाणी प्या. पाणी! शिडीने तिथल्या तिथे बाटली उघडून एक घोट घेऊन बघितला, सर काय करतात ते बघायला. सर हसले. म्हणजे खरंच काहीतरी बिघडलं होतं.

मग वर्गातून उचलून आणलेल्या बोर्डावर आलेख निघाला, मग दुसरा आलेख निघाला, आडवा अक्ष, उभा अक्ष, गणिताचे सर ते, त्यांना आलेख दिसला की ते घरी जायचं विसरतात... ऊन चढलं, मुंग्या यायला लागल्या पायाला, आणि त्या सगळ्यात कुठेतरी सर म्हणाले, प्रत्येक मुलगी वेगळी असते, म्हणून रोज सकाळी मी एकेकीला विचारणार, दहापैकी किती, आणि त्यावरून तिचा त्या दिवसाचा सराव ठरवणार. "समजलं?"

आम्ही सगळ्या म्हणालो, "समजलं, सर!" आता तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या शाळेत 'समजलं' हे उत्तर नसतंच मुळी. ती घंटा असते. ती वाजवली की तास सुटतो. दहापैकी किती म्हणजे दहापैकी काय, हे सरांनी त्या दोन आलेखांच्या मध्ये कुठेतरी सांगितलं होतं म्हणतात. सांगितलं असेलही. पण ते विचारायचं कोणी? मी? आता मी काय बोलणार... मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या रांगेत उभ्या. सर पहिलीपाशी गेले. पहिली कोण? मेरिट. तिचं खरं नाव तिच्या आईलाच आठवत असेल, आम्ही सगळ्या मेरिटच म्हणतो. वर्गात पहिली, चित्रकलेत पहिली, डबा संपवण्यात पहिली. सर म्हणाले, "हं, दहापैकी किती?"

आता तुम्हीच सांगा, समोर गणिताचे सर, त्यांच्या तोंडी 'दहापैकी किती', आणि पुढ्यात मेरिट. तिला दुसरं काय वाटणार? ती ताठ उभी राहून म्हणाली, "दहा."

सरांचा चेहरा बघायला पाहिजे होता. "दहा? अरे बापरे... बस बस, तू सावलीत बस बाळा. आणि हे केळं खा."

आम्ही सगळ्यांनी ते डोळे भरून बघितलं. दहा मार्क, सावली आणि केळं! अगदी बरोबर होतं की. मार्क चांगले मिळाले की बक्षीस मिळतंच. मग शिडीची पाळी. "नऊ," म्हणाली, आणि मग सर पुढे जायच्या आत, "नाही सर, साडेनऊ धरा." ही पेपर हातात मिळाल्यावरसुद्धा अर्ध्या मार्कासाठी शिक्षकांच्या खोलीपर्यंत जाते! तिला पण सावली, तिला पण केळं. पुढची आठ, तिच्या पुढची नऊ... सावली भरली, केळी संपत आली.

मग सर माझ्यापाशी आले.

मी विचार केला हो. खरंच केला. सुट्टीआधीच्या शेवटच्या फेरीत मी मागे पडले होते, वळणावर अडखळले होते, आणि आई नेहमी सांगते, आपलं कौतुक आपल्या तोंडाने करू नये. म्हणून मी अगदी मनापासून, प्रामाणिकपणे, तीन बोटं वर केली.

सर एकदम खूश! "तीन? शाबास! ही बघा, कशी ताजीतवानी आहे! चल, तू चढावर पळून ये." चढ म्हणजे शाळेच्या मागच्या फाटकापासून वर पाण्याच्या टाकीपर्यंतचा रस्ता. त्यावरून सायकलवाले उतरून सायकल ढकलत नेतात. मला वाटलं, सर किती चांगले, कच्च्या मुलीला सुद्धा 'ताजीतवानी' म्हणून धीर देतात! आणि चढ म्हणजे माझा जादा तास. हुशार मुलींना सुट्टी, कच्च्या मुलींना जादा तास, जगाचा नियमच आहे तो. यात विचारण्यासारखं काही होतं का? मान हलवली आणि चढाला लागले.

आता गंमत ऐका. चढावर पळून मी दमले. दमल्यामुळे दुसऱ्या दिवशी आणखी वाईट पळले. वाईट पळले म्हणून स्वतःला मार्क दिले दोन. दोन ऐकून सर म्हणाले, "वा! काय ताकद आहे पोरीत! आज चढ दोनदा." मग मी आणखी दमले, आणखी वाईट पळले... तुमच्या लक्षात येतंय ना कुठे चाललं होतं ते? माझ्या नाही आलं!

आणि तिकडे सरांना घोर लागला मेरिटचा. रोज विचारावं तर "दहा." आराम देऊन दहा, केळं देऊन दहा. सरांची झोप उडाली. त्यांनी तिला जिना चढायला बंदी केली, तिचं दप्तर शिपाईकाकांनी उचलून न्यायचं ठरवलं, आणि शिपाईकाका त्या दप्तराखाली वाकून म्हणायचे, "सर, ही थकली नाही तर काय होईल, आत विटा आहेत." तरी दहाच! मग तिच्या आईला शाळेत बोलावलं. सर काळजीने विचारतायत, घरी हिला काही त्रास आहे का, झोप लागते का, अभ्यास जरा कमी करता येईल का... आणि अभ्यास कमी हे ऐकल्यावर मेरिट जी रडायला लागली, की सरांनी हळूच विचारलं, "आत्ता किती बाळा?" हुंदके देत देत म्हणाली, "दहाच, सर."

बरं, एवढं होऊन कुणालाच संशय का येऊ नये? तर सगळं जुळत होतं हो! आमच्या बाजूने मार्कांचं गणित जुळत होतं, सरांच्या बाजूने आरामाचं. दोन्ही वेगवेगळी गणितं आणि दोन्हींची उत्तरं बरोबर. गणिताच्या सरांना आणखी काय पाहिजे?

न जुळणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझी नडगी.

आधी फक्त पळायला सुरुवात केली की दुखायची. मग जिना उतरताना. मग नुसतं बसलं तरी, आत कोणीतरी चमचा वाजवत बसल्यासारखी ठणकायला लागली. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "वाढीचं वय आहे, दुखणारच." बाबांचं एक बरं आहे, चष्मा लागला तेव्हाही वाढीचं वय, दात किडला तेव्हाही वाढीचं वय. आईचं पार्लर आहे, ती घरात शिजवलेली गोष्ट पार्लरमध्ये वाढते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी शहरातल्या निम्म्या बायकांना माझी नडगी माहीत. एक बाई तोंडाला लेप लावून पडली होती, तिला ओठ हलवायचे नव्हते, तर ती दात न उघडता सांगतेय, "बर्फ ला...व... बर्फ." केस रंगवायला बसलेली म्हणते, "बर्फ कसला, शेक द्या गरम." तिसरी म्हणते, "पोरीची जात, पळायचंच कशाला?" त्या तिसरीच्या भुवया आईने त्या दिवशी जरा जास्तच बारीक केल्या. आणि मला सगळ्या विचारतायत, "हो की नाही गं?" आता मी काय बोलणार... तिघींनाही मान हलवली.

पण मी ठरवलं होतं हं, सरांना सांगायचं. आरशासमोर उभी राहून पाठ केलं, "सर, माझी नडगी दुखते." चार शब्द! आरशातल्या सरांना मी ते इतकं छान सांगायचे... दुसऱ्या दिवशी रांगेत उभी राहिले, चारही शब्द जिभेवर तयार, सर आले, आणि माझ्या तोंडातला पहिला 'स' निघायच्या आत म्हणाले, "हं, आज किती?" दुखऱ्या पायाने काल मी इतकी भिकार पळले होते, की शून्यच द्यावंसं वाटत होतं. पण आपल्याच पोटच्या पायाला शून्य देववेना. मी एक बोट वर केलं.

सरांनी टोपी काढली. खरंच काढली! सगळ्यांकडे वळून म्हणाले, "एक! मुलींनो, याला म्हणतात तयारी." आणि मग माझ्याकडे बघून, "अशीच राहा. रिलेचा शेवटचा टप्पा तुझा."

शेवटचा टप्पा! शेवटचा टप्पा म्हणजे जिच्याकडे सगळं मैदान बघतं ती. आता मला सांगा, त्याच्यावर "सर, माझी नडगी दुखते" कसं म्हणायचं? म्हटलं की काठी गेली दुसरीच्या हातात. चारही शब्द गिळले. मान हलवली, आणि अशी जोरात हलवली की मान पण दुखायला लागली.

मग निवडीचा दिवस आला. सगळ्यांनी एकदा शेवटचं पळून दाखवायचं, मग संघ पक्का. आधी मेरिट पळाली. अहो, इतके दिवस सावली, केळी, झोप, दप्तर शिपाईकाकांच्या डोक्यावर... ती बाणासारखी सुटली! शिडी पळाली, तीही तशीच. सरांना आनंदाने काय करावं ते कळेना, शिट्टी वाजवायची सोडून टाळ्या वाजवत होते. मग मी. शिट्टी झाली, मी निघाले, सरळ रस्ता गेला, वळण आलं, आणि वळणावर नडगीने मला सांगितलं, की बाई, तुला पळायचं तर पळ, मी इथेच थांबते.

मी मातीत बसले.

सर पळत आले. सरांना मी पहिल्यांदाच पळताना बघितलं. गुडघ्यावर बसून विचारलं, कुठे दुखतंय? मी बोटाने दाखवलं. कधीपासून? मी बोट वळवून लांबचा चढ दाखवला. सरांचा चेहरा पांढरा पडला. मागून सगळ्या मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या. सर म्हणाले, "अगं, मग रोज मला तीन, दोन, एक काय सांगत होतीस?"

आणि इथे मी बोलले. कशी बोलले मलाच माहीत नाही. बहुतेक दुखण्यामुळे तोंड आधीच उघडं होतं.

"सर, ते मार्क होते."

"कसले मार्क?"

"माझे. पळण्याचे. मी वाईट पळत होते ना, म्हणून."

सर हळू आवाजात म्हणाले, "थकवा विचारत होतो गं मी. दहा म्हणजे अगदी गळून गेलेली, एक म्हणजे ताजी."

मागे मेरिट होती. तिचा चेहरा असा झाला, जणू कोणी येऊन तिचा पहिला नंबर काढून घेतला. "म्हणजे सर... ते मार्क नव्हते?" आणि शिडी, ती आपली स्वतःचेच पाय चाचपून बघतेय, "म्हणजे मी साडेनऊ थकले होते? मला तर बरं वाटत होतं."

सर म्हणाले, "पण मी विचारलं होतं ना, समजलं का म्हणून?"

सगळ्या म्हणाल्या, "हो, सर."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"समजलं, सर."

सर माझ्या शेजारी मातीतच बसले. नव्या ट्रॅकसूटसकट.

डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले हाडावर ताण आलाय, अजून थोडे दिवस पळवली असती तर चीर गेली असती, आता काही आठवडे पळणं बंद. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "हिला शिकवतं कोण?" आईने बाबांकडे बघितलं, बाबांनी सरांकडे, आणि सरांनी वर्गात करतात तसा हात वर केला. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का, की वाढत्या मुलींना आराम द्यावा लागतो? सर म्हणाले, "सांगितलं. मी दिला पण. हिला सोडून सगळ्यांना."

स्पर्धेत आमचा संघ दुसरा आला. शेवटचा टप्पा मेरिट पळाली, आणि झकास पळाली, आराम किती कामाचा असतो ते सगळ्या शाळांनी बघितलं. मी पायरीवर बसून चौघींची जाकिटं आणि बाटल्या सांभाळत होते. ती काठी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जाताना बघून मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? चांगलंच वाटलं. मी मेरिटच्या जाकिटालाच नाक पुसलं. सर येऊन शेजारी बसले आणि म्हणाले, "मी रोज तुझं बोट बघत होतो. वर तोंडाकडे एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं." आणि त्यावर मी काय बोलणार... पण या खेपेला मानही हलवली नाही. कारण खरं होतं ते, आणि हो म्हणणं बरं दिसलं नसतं.

तेव्हापासून सरांनी आकडे बंद केले. एकदम बंद. आता रोज सकाळी प्रत्येकीपाशी थांबतात, तोंडाकडे बघतात आणि विचारतात, अंग कसं आहे, कुठे दुखतंय, झोप झाली का. आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत! मान हलवलेली चालत नाही, बोटं चालत नाहीत, 'बरं आहे' चालत नाही, "बरं म्हणजे कसं बरं?" म्हणतात. पूर्ण वाक्य पाहिजे! अहो, मला पाण्याच्या टाकीपर्यंत पाठवा, मी उलटी पळत जाईन, पण हे? पहिल्या दिवशी सर माझ्यासमोर उभे आणि मी सरांसमोर उभी, मागच्या रांगेतल्या मुलींचं अंग गरम होऊन परत निवलं, तेव्हा कुठे मी म्हणाले, "नडगी थोडी दुखते." सरांनी अशी शिट्टी वाजवली, जणू मी शर्यतच जिंकले.

मग रोज एकेक वाक्य वाढलं. सर म्हणाले होतेच ना, एकदम जास्त नाही, थोडं थोडं वाढवायचं. पाय बरा झाला, हळूहळू पळायला लागले, आणि इकडे वाक्यं पण वाढत गेली. वाढत गेली म्हणजे... आता बघा ना, तुमच्यासमोर मी केव्हाची बोलतेय.

काल सकाळी सर नेहमीसारखे आले आणि म्हणाले, "काय, पाय कसा आहे?" मी म्हटलं, सर, उठले तेव्हा उजवा बरा होता, पण डावा जरा जड वाटत होता, जड म्हणजे दुखत नव्हता, पण असा ओल्या मोज्यासारखा, आणि मोज्यावरून आठवलं सर, नवे मोजे आणलेत ते बोटांपाशी टोचतात, त्यात रात्री शेजाऱ्यांचं बाळ रडत होतं म्हणून झोप तुटली, तशी पहाटे लागली परत, पण आईचा मिक्सर सुरू झाला, आणि बाबा म्हणतात वाढीचं वय आहे, पण सर मला विचाराल तर... ऊन पायापासून गुडघ्यापर्यंत आलं. मेरिट पळून परत आली. शिडी दोनदा पळून परत आली. सर एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, मग हळूहळू खाली बसले, टोपी काढली, तिनेच वारा घेतला, आणि हात जोडून म्हणाले,

"बाई गं, उद्यापासून तू नुसता आकडा सांग."